संततिनियमन आणि धास्तीची वाटणी

(पक्ष कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाववाढ, शेतमालाचा हमीभाव आणि कंत्राटी कामगार या विषयांच्या पंगतीत 'संततिनियमन करणाऱ्या स्त्रीची धास्ती' हा विषय पाहून काही कार्यकर्त्यांना नवल वाटले असेल. हा विषय दवाखान्याचा, फार तर घरातल्या चार भिंतींआडचा. राजकीय पक्षाच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. देशाच्या संसदेने केलेल्या एका कायद्यातच ते नमूद आहे.

१९७१ साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. शांतिलाल शाह समितीच्या अहवालातून आकारास आलेल्या या कायद्यात, गर्भपातास कोणत्या परिस्थितीत मुभा असावी हे सांगताना एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. विवाहित स्त्रीने किंवा तिच्या पतीने मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी साधन वापरले, ते निकामी ठरले आणि नको असलेला गर्भ राहिला, तर त्यापायी स्त्रीला होणारा मनस्ताप हा तिच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा करणारा आहे असे गृहीत धरता येईल, असा त्या स्पष्टीकरणाचा आशय होता. २०२१ च्या दुरुस्तीने त्यातील विवाहाची अट गेली. आता तेथे कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार यांचा उल्लेख आहे. म्हणजे साधने फसतात हे, आणि ती फसली की घाव स्त्रीच्या मनावर बसतो हेही, राज्यसंस्थेने अर्धशतकापूर्वीच मान्य केलेले आहे.

तथापि कायद्याने दखल घेतली ती साधन फसल्यानंतरच्या मनस्तापाची. साधन फसले तर काय, या विचाराने महिन्यामागून महिने जी धास्ती स्त्रीच्या मनात घर करून राहते, तिची दखल ना कुटुंब घेते, ना सरकार, ना चळवळ. ती स्त्रीच्या हळव्या मनाची लहर समजून सोडून दिली जाते. वस्तुतः ही धास्ती म्हणजे एका सामाजिक जबाबदारीचे विषम वाटप आहे. मुले किती असावीत हा प्रश्न दोघांचा, कुटुंबाचा आणि सरकारी योजनेचाही. परंतु योजना फसण्याचा धोका मात्र एकटीचा. संपत्तीच्या आणि श्रमाच्या वाटपाविषयी बोलणाऱ्या पक्षाला धोक्याच्या या वाटपाविषयी गप्प राहता येणार नाही.

धास्तीचे मूळ

साधन वापरणारी स्त्री निश्चिंत असते, हा एक सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. 'आता मूल नको' असा निर्णय जिने केलेला असतो, तिलाच तो निर्णय मोडला जाण्याची भीती असते. पंचविशीच्या आत दोन मुले झालेल्या स्त्रीपुढे प्रजननक्षमतेची आणखी वीसेक वर्षे उभी असतात. वर्षाला बारा-तेरा पाळ्या या हिशेबाने सुमारे अडीचशे वेळा तिला तारखेकडे डोळे लावून बसावे लागते. तारीख दोन दिवस टळली की मनातल्या मनात आकडेमोड सुरू होते. ती बोलून दाखवायची तरी कोणाजवळ? नवऱ्याला सांगावे तर 'गोळी विसरली असशील' हा ठपका. सासूला सांगावे तर 'राहिले तर राहू दे, कदाचित मुलगा होईल' ही समजूत. आणि जावेला सांगावे तर संध्याकाळपर्यंत गावभर. म्हणून ती गप्प राहते आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर जाते.

येथे आणखी एक अडचण आहे. दिवस गेलेले नाहीत याची स्त्रीला घरच्या घरी कळणारी खूण म्हणजे पाळी. आणि पुष्कळ साधने नेमका पाळीतच फेरफार करतात. तांबी बसविल्यावर पहिले काही महिने रक्तस्राव वाढतो, पोटात कळा येतात. 'छाया' या नावाने सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या गोळीने पाळी लांबते. दर तीन महिन्यांनी घ्यावयाच्या 'अंतरा' या इंजेक्शनाने पाळी अनियमित होते आणि पुढे कित्येक जणींची ती बंदच होते. औषधशास्त्राच्या दृष्टीने हा अपेक्षित परिणाम आहे. परंतु ज्या स्त्रीला हे आधी कोणी सांगितलेले नाही, तिच्या दृष्टीने पाळी बंद होणे याचा एकच अर्थ असतो. साधन काम करीत असताना ती साधन फसल्याच्या भीतीने रात्र रात्र जागते. कंटाळून ते सोडून देते आणि मग भीती खरी ठरते.

हे सांगण्यास पाच मिनिटे लागतात. तरीही २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६२ टक्क्यांनाच त्याच्या दुष्परिणामांची माहिती कधीकाळी देण्यात आली होती असे आढळले. उरलेल्या ३८ टक्के स्त्रियांची धास्ती ही त्यांच्या स्वभावातून आलेली नाही. दवाखान्याच्या मौनातून ती निर्माण झालेली आहे.

दोन आकड्यांमधील अंतर

धास्तीला आधार आहे की नाही, याचाही विचार केला पाहिजे. वैद्यकीय ग्रंथांत प्रत्येक साधनाचे दोन आकडे दिलेले असतात. पहिला आकडा साधन नियमानुसार, एकही चूक न होता वापरले तर काय घडेल त्याचा. दुसरा, प्रत्यक्ष जगात माणसे ते ज्या रीतीने वापरतात त्या रीतीने काय घडते त्याचा. मुख्यतः अमेरिकेतील पाहण्यांवर आधारलेल्या या आकड्यांनुसार, रोजची गोळी बिनचूक घेतल्यास पहिल्या वर्षात हजार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना दिवस जातात. प्रत्यक्ष व्यवहारात हे प्रमाण शंभरात सात इतके आहे. निरोधच्या बाबतीत पहिला आकडा शंभरात दोन, तर दुसरा शंभरात तेरा. तांबीच्या बाबतीत दोन्ही आकडे शंभरात एकाहून कमी आहेत. स्त्रीनसबंदीनंतरही पहिल्या वर्षात हजारात सुमारे पाच जणींना गर्भ राहतो. पुरुषनसबंदीचे अपयश त्याहूनही कमी, हजारात एक-दोन.

या आकड्यांवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. शंभर टक्के खात्रीचे साधन कोणतेही नाही, ही पहिली. सबब धास्ती निराधार नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तांबी किंवा शस्त्रक्रिया एकदा झाली की तिच्या दोन आकड्यांत फारसे अंतर राहत नाही; परंतु गोळी आणि निरोध यांच्या दोन आकड्यांत मोठी दरी आहे. दवाखान्यात या दरीला 'हलगर्जीपणा' असे नाव मिळते. बाई विसरली, बाईने लक्ष दिले नाही, असा शेरा मारला जातो.

ही दरी कशाने पडते, ते जरा तपासून पाहावे. गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावयाची असते. ज्या कामगार स्त्रीची पाळी एक आठवडा दिवसाची आणि दुसरा रात्रीची असते, तिची ठरावीक वेळ कोणती? ऊसतोडणीसाठी कुटुंब पाच-सहा महिने गाव सोडून जाते, तेव्हा गावच्या आशाताईंकडचा गोळ्यांचा पुरवठा तिच्या कोपीपर्यंत पोहोचतो काय? जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी अंगी लागत नाही. पिण्याचे पाणी अशुद्ध असलेल्या वस्तीत हे किती वेळा घडते? क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध चालू असताना गोळीचा प्रभाव घटतो. क्षयरोग कोणत्या वस्त्यांत अधिक आढळतो, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. आणि निरोध वापरावयाचा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार किती घरांत स्त्रीच्या हाती असतो? एकंदरीत त्या दोन आकड्यांमधील अंतर हे बाईच्या विसराळूपणाचे माप नाही. तिच्या घरातील पाणी, तिच्या कामाचे तास, तिच्या वस्तीतील दवाखाना आणि तिच्या शब्दाला घरात असलेली किंमत यांचे ते माप आहे.

ही धास्ती मध्यमवर्गीय, सुशिक्षित स्त्रीचे चोचले आहेत, असा आक्षेप काही वेळा ऐकू येतो. परंतु बिनपगारी रजा, कामावरून कमी केले जाण्याचे भय आणि प्रसूतीचा खर्च या गोष्टी ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांनाच नको असलेला गर्भ सर्वांत महाग पडतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली खरी. पण दोन मुले हयात असलेल्या स्त्रीला ती १२ आठवड्यांचीच आहे आणि घरकामगार, शेतमजूर, ऊसतोडणी कामगार यांना ती प्रत्यक्षात मुळीच नाही. साधन फसल्याची सर्वांत जड किंमत जिला मोजावी लागते, तिलाच साधन नीट वापरण्याची परिस्थिती सर्वांत कमी लाभते.

ओझे स्त्रीकडे कसे आले?

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि या प्रचारापायी प्राध्यापकाची नोकरी गमावली. जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे यांनी स्वतः नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हा तपशील या विषयात विसरता कामा नये. त्यांच्या प्रतिपादनात लोकसंख्येच्या आकड्यापेक्षा गर्भाच्या भीतीतून स्त्रीची सुटका व्हावी, तिला सुखाचा अधिकार मिळावा, या विचाराला मोठे स्थान होते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. पुरुषांना प्रसूतीच्या वेदना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलास कोणी राजी झाला नसता, अशा आशयाचा युक्तिवाद त्या वेळी केला गेला. ठराव फेटाळला गेला. युक्तिवाद मात्र आजही तितकाच खणखणीत आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५२ पासून भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि हळूहळू स्त्रीच्या सुटकेचा विचार मागे पडून लोकसंख्येचा आकडा पुढे आला. १९६५ मध्ये 'लूप'ची मोहीम निघाली. बसविण्याची घाई झाली, परंतु नंतर होणाऱ्या रक्तस्रावाची विचारपूस करण्यास कोणी उरले नाही. साहजिकच लूपविषयी गावोगाव भीती पसरली. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात ८२ लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करण्यापर्यंत महाराष्ट्राची मजल गेली. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्याच्या पुस्तकात आले नाही.

या सक्तीविरुद्ध समाजवादी लढले, तुरुंगात गेले, आणि १९७७ मध्ये जनतेने सक्ती करणाऱ्यांना सत्तेवरून खाली खेचले. नव्या सरकारात आरोग्य खाते राजनारायण या समाजवादी नेत्याकडे आले आणि 'कुटुंबनियोजना'चे नाव 'कुटुंबकल्याण' झाले. हा लढा योग्यच होता. परंतु त्यानंतर काय घडले, याचा हिशेब चळवळीने पुरता मांडलेला नाही. १९७७-७८ मध्ये एकूण शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही खाली आली. आणि ती पुन्हा वाढू लागली तेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुरुष नव्हता. पुरुषाला हात लावला तर सरकार पडते, हा धडा सत्ताधाऱ्यांनी घेतला आणि शिबिरांचा मोर्चा निमूटपणे स्त्रियांकडे वळला. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीच्या, म्हणजेच बिनटाक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरे गावोगाव भरली. सक्तीचा पराभव झाला. ओझे मात्र नाहीसे झाले नाही, केवळ त्याचा खांदा बदलला.

आजचे आकडे याची साक्ष देतात. पाचव्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. ज्यांच्या पतीची झाली आहे अशा स्त्रिया ०.३ टक्के. निरोधचे प्रमाण ९.५ टक्के, गोळीचे ५.१ टक्के आणि तांबीचे २.१ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, कमी धोक्याची आणि अधिक खात्रीची असताना, पुरुषामागे शंभराहून अधिक स्त्रिया हे प्रमाण वैद्यकशास्त्राने ठरविलेले नाही. ताकद जाते, पुरुषत्व जाते, या निराधार समजुतीने ते ठरविले आहे. राममनोहर लोहियांनी सप्तक्रांतीत स्त्री-पुरुष समतेला पहिले स्थान दिले होते. सप्तक्रांतीचा जयघोष करणाऱ्यांच्या घरांत हे प्रमाण देशाच्या प्रमाणाहून निराळे आहे काय, हा प्रश्न प्रत्येक शाखेने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

डाव्या व समाजवादी विचाराच्या मौनाला एक तात्त्विक कारणही आहे. गरिबीचे कारण गरिबांची मुले नसून संपत्तीची विषम मालकी आहे, हे माल्थसच्या अनुयायांना ठणकावून सांगणे आवश्यक होते आणि आजही आहे. परंतु लोकसंख्येचा बागुलबुवा नाकारताना संततिनियमनाचा विषयच सरकारच्या आणि कुटुंबाच्या हवाली केला गेला. 'मुले कमी झाली की गरिबी हटेल' हे विधान खोटे आहे. 'नको असलेल्या गर्भाच्या धाकातून स्त्री मुक्त झाली पाहिजे' हे खरे आहे. पहिले नाकारण्यासाठी दुसरे सोडून देण्याचे कारण नव्हते.

न्यायासनापुढील धास्ती

साधन फसल्यानंतर स्त्रीची बाजू कोण घेते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून पाहता येते. हरियाणातील एका मजूर स्त्रीने, सात मुले झाल्यानंतर, १९८८ मध्ये सरकारी योजनेखाली नसबंदी करून घेतली. पुढे तिला शंका आली. ती डॉक्टरांकडे गेली. दिवस गेलेले नाहीत, असे तिला सांगण्यात आले. दोन महिन्यांनी गर्भ स्पष्ट झाला, तेव्हा शस्त्रक्रिया यशस्वी झाली नव्हती हे कळले. तिने गर्भपाताची मागणी केली. आता त्यात जिवाला धोका आहे, असे उत्तर मिळाले. तिला आठवे मूल झाले. तिच्या दोहोंपैकी एकाच बाजूच्या बीजवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली होती. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हलगर्जीपणा मान्य करून तिला मंजूर झालेली ५४ हजार रुपयांची भरपाई कायम केली. या हकीकतीत लक्षात घेण्याजोगी बाब ही की, त्या स्त्रीची धास्ती प्रत्येक टप्प्यावर खरी होती आणि प्रत्येक टप्प्यावर ती खोटी ठरविण्यात आली.

२००५ मध्ये पंजाबमधील एका खटल्यात न्यायालयाने निराळी भूमिका घेतली. कोणतीही शस्त्रक्रिया शंभर टक्के खात्रीची नसते. म्हणून हलगर्जीपणा सिद्ध झाल्याखेरीज केवळ गर्भ राहिला एवढ्यावरून डॉक्टरला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. हे तर्काला धरून आहे. परंतु त्याच निकालात असेही म्हटले आहे की, पाळी चुकताच स्त्रीने डॉक्टरकडे जावे, कायद्याने गर्भपाताची मुभा दिलेली आहे, आणि गर्भ कळूनही तो ठेवला तर ते मूल 'नको असलेले' राहत नाही. म्हणजे धास्ती बाळगणे ही स्त्रीची केवळ व्यथा राहिली नाही, ती तिची जबाबदारी झाली. नसबंदीनंतरही तिने तारखा मोजत राहावे, हे गृहीत धरले गेले. ज्या तालुक्यात गर्भपाताची सोय असलेला सरकारी दवाखाना चाळीस मैलांवर आहे, तेथील शेतमजूर स्त्रीने ही जबाबदारी कशी पार पाडावी?

कायद्याने दिलेली मुभा आणि प्रत्यक्ष सोय यांतील अंतर किती आहे, ते 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून दिसते. २०१५ या वर्षी भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, औषधाच्या गोळ्यांनी झाले, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. या गोळ्या योग्य मुदतीत व योग्य मात्रेत घेतल्या तर सुरक्षित आहेत. परंतु चिठ्ठीवाचून, माहितीवाचून, चोरून घेतल्या जाण्यात धोका आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धची मोहीम न्याय्य होती. पण तिच्या धसक्याने महाराष्ट्रातील अनेक औषधविक्रेत्यांनी या गोळ्या ठेवणेच सोडून दिले आणि साधन फसलेली स्त्री आणखी अडचणीत आली. अविवाहित स्त्रीची स्थिती तर याहून बिकट. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबत विवाहित-अविवाहित हा भेद करता येणार नाही असे ठरविले. परंतु नोंदणीच्या खिडकीवर 'नवऱ्याचे नाव काय?' हा प्रश्न निकालाने पुसला जात नाही.

दोन अपत्यांची अट

या सर्वांत पक्षाला थेट भिडणारा एक प्रश्न आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीस महाराष्ट्रात पंचायत राज्य संस्थांची निवडणूक लढविता येत नाही. निवडून आल्यावर मूल झाले तर सदस्यत्व जाते. २००५ च्या नियमांनी शासकीय नोकरीतील प्रवेशालाही अशीच अट घातली. हरियाणातील याच धर्तीचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरविला.

एकीकडे १९७१ चा कायदा म्हणतो की, साधन फसून राहिलेला गर्भ हा स्त्रीच्या मनावरील गंभीर आघात आहे. दुसरीकडे हा कायदा म्हणतो की, तो गर्भ जन्मास आला तर ती लोकप्रतिनिधी होण्यास अपात्र आहे. साधन वापरले होते काय, ते फसले काय, घरात तिला 'नाही' म्हणता आले काय, यांपैकी एकही प्रश्न अपात्रतेच्या सुनावणीत विचारला जात नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मोठ्या कष्टाने मिळालेली ही जागा एका विसरलेल्या गोळीवर किंवा एका सुटलेल्या टाक्यावर टांगलेली आहे. निर्मला बुच यांनी मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा आदी पाच राज्यांत या अटीचा अभ्यास केला, तेव्हा पद टिकविण्यासाठी गर्भपात करविणे, बायकोला टाकून देणे, मूल दुसऱ्यास देऊन टाकणे असे प्रकार पुढे आले. पद पुरुषाचे असले तरी किंमत स्त्रीने मोजली. ही अट लोकसंख्येचा प्रश्न सोडवीत नाही. स्त्रीच्या धास्तीत मात्र सरपंचपदाची भर घालते. ती रद्द करण्याची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात असली पाहिजे.

चळवळीचे काम

धास्ती समूळ नाहीशी करील असे साधन आज नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ती वाटून घेता येते. वाटणीचा पहिला भागीदार पुरुष. पुरुषनसबंदीनंतर तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्यतपासणी करून घेतली की तिच्याइतके खात्रीचे साधन क्वचितच आहे. जो पुरुष कार्यकर्ता सभेत समतेवर बोलतो, त्याने ही माहिती शाखेच्या बैठकीत पुरुषांपुढे सांगावी. आणि ज्याला आणखी मूल नको आहे, त्याने स्वतःपासून आरंभ करावा. सक्तीला विरोध आणि स्वेच्छेचा आग्रह यांत विसंगती नाही.

दुसरा भागीदार शासन. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यांतील अनेक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. १९९६ मध्येच कागदोपत्री उद्दिष्टे रद्द झाली होती, तरीही हे घडले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. शिबिर बंद झाले की नाही एवढेच पाहून भागणार नाही. त्याच्या जागी प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजची सेवा आली की नाही, हे तपासले पाहिजे. गर्भचाचणीची 'निश्चय' पट्टी आशाताईंजवळ आहे काय? असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी केंद्रात शिल्लक आहे काय? 'अंतरा' देण्याआधी पाळी बंद होईल हे सांगितले जाते काय? सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपाताची सोय तालुक्यात आहे काय? हे चार प्रश्न घेऊन प्रत्येक शाखेने वर्षातून दोनदा आपल्या केंद्रावर जावे आणि मिळालेली उत्तरे लेखी मागावीत. रस्त्याच्या खड्ड्यांसाठी जसे निवेदन दिले जाते, तसेच यासाठीही द्यावे.

तिसरे काम दाव्यांचे. नसबंदी अयशस्वी झाल्यास भरपाई देण्याची सरकारी योजना २००५ पासून आहे. परंतु दावा ठरावीक मुदतीत व कागदपत्रांसह दाखल करावा लागतो, आणि ज्यांच्यासाठी ही योजना आहे त्यांच्यापैकी कित्येकींना तिचे नावही ठाऊक नसते. शिधापत्रिकेसाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या कार्यकर्त्याने या दाव्यांसाठीही खेटे घातले पाहिजेत.

आणि चौथे काम भाषेचे. 'बाईने हलगर्जीपणा केला' हे वाक्य चळवळीच्या तोंडी येता कामा नये. कामगाराचा हात यंत्रात सापडला तर मालक म्हणतो, त्याचे लक्ष नव्हते. आणि युनियन विचारते, यंत्राला जाळी का नव्हती? साधन फसलेल्या स्त्रीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारण्याची सवय पक्षाने लावून घ्यावी. त्यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. महिला आघाडीच्या बैठकीत मागल्या बाकावर जे कुजबुजत बोलले जाते, ते शाखेच्या इतिवृत्तात नोंदले जावे आणि त्यावर पुरुष सभासदांच्याही सह्या असाव्यात, एवढ्यापासून आरंभ करता येईल.